दुखण्याचा वाटेकरी

माझ्या भावाला मी भाऊबिजेच्या दिवशी भर अंगणात पकडलं. त्यासाठी बावीस वर्षं दम धरला होता. कबड्डी खेळलेल्या बाईला दम धरायला कुणी शिकवावं लागत नाही.

ओवाळून झालं आणि दादानं ताटात साडीचा बॉक्स ठेवला. मी तो उचलून बाजूला सारला.

"साडी नको. मागेन ते देणार का, बोल."

अंगणात खुर्च्या टाकून मंडळाचे पदाधिकारी बसले होते, पंच बसले होते, मैदानावरच्या पोरी कडेला उभ्या होत्या. आमच्या रणधीरदादाला भाऊबीजसुद्धा प्रेक्षकांसमोर लागते. तो छाती पुढे काढून म्हणाला, "अगं वैजू, जीव मागितलास तरी देईन!"

"जीव ठेव तुझ्याजवळच. मला तुझा गुडघा पाहिजे. पंधरा दिवस."

लोक हसले, दादाही हसला. मग मी मिरजेच्या डॉक्टर मुजावरांचं आणि त्यांच्या नव्या इंजेक्शनचं नाव काढलं. "त्याला वाटेकरी लागतोय, तोही रक्ताचा. आणि रक्ताचं मला तुझ्याशिवाय आहे कोण?" असं डोळ्याला पदर लावून म्हणाले. पदर कोरडा होता. पण म्हातारे खराडेअण्णा पंच गहिवरले. "भाऊ असावा तर असा!" म्हणून त्यांनीच टाळ्या सुरू केल्या, आणि दादाला नाही म्हणायला जागा उरली नाही. ओवाळणी चारचौघांत कबूल करून फिरवली तर आमच्याकडे माणसाला गावात तोंड दाखवता येत नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत की त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या मनात काय आहे ते त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

आता दादानं माझं काय वाकडं केलं होतं ते सांगते, म्हणजे नंतर कुणी मला खाष्ट म्हणायला नको. तशी खाष्ट मी आहेच. गावात माझा मसाल्याचा डंक आहे, मिरच्या कांडायची गिरणी. दिवसभर मिरच्यांच्या ठसक्यात उभी राहणारी बाई गोड बोलेल अशी अपेक्षा कुणी करूही नये.

विशीत मी जिल्ह्याची चढाईपटू होते आणि दादा आमचा कोच. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी माझा उजवा गुडघा सुजून हा एवढा झाला. दादानं मला एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत नेलं आणि तिथल्या कुणा माणसाकडून माझ्या सांध्यात स्टेरॉइड टोचवलं. औषध वाईट नव्हे ते. सूज उतरवतं, ठणका शमवतं. अट एकच असते, की टोचल्यावर त्या सांध्याला आराम द्यायचा. कारण दुखायचं थांबलं म्हणजे आतलं बरं झालं असं नसतं. टोचणाऱ्यानंही दादाला ते सांगितलं होतं, माझ्या कानांनी मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणाले, "नाही." "मग झालं तर!" म्हणून त्यानं मला मैदानात घातलं. मी वीस वर्षांची होते, कोच सांगेल ती पूर्वदिशा. आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत गुडघ्यात काहीतरी कटकन मोडलं, आणि दुखलं नाही म्हणून मी त्याच पायावर उड्या मारून नाचले.

औषधाचा अंमल उतरला तेव्हा कूर्चेचा भुगा झालेला होता.

दादाला त्या विजयावर नोकरी मिळाली, मानपत्रं मिळाली, तो 'रणधीर सर' झाला. मला लंगडी चाल मिळाली. ते मी एकवेळ सोडलं असतं. पण दरवर्षी नव्या पोरींना तो माझी गोष्ट सांगतो. "माझी सख्खी बहीण, केवढी गुणाची! पण एका दुखण्याला घाबरली आणि मैदान सोडून पळाली." भर सभेत, मी समोर खुर्चीवर बसलेली असताना. हे 'पळाली' मी सोडणार नव्हते. त्यानं ती कळ स्वतःच्या अंगावर सोसावी आणि मग त्याच तोंडानं खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं. आणि आता तसं यंत्र निघालं होतं.

*

डॉक्टर नसीम मुजावर माझ्यापेक्षा लहान, पण समजावून सांगायची हातोटी शाळेतल्या बाईंसारखी.

"वैजयंताताई, ह्यात स्टेरॉइडच आहे. पण ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक मण्यांत भरलेलं आहे. मणी सांध्याच्या आतल्या अस्तराला चिकटतात, रुजतात म्हणा. मग वर्षानुवर्षं ते थोडंथोडं औषध सोडत राहतात आणि त्यांच्या आडोशानं कूर्चा पुन्हा धरते. पण रुजायला त्यांना पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात तुम्ही पायावर भार दिला, तर दोन हाडांच्या जात्यात सगळे मणी भरडले जाणार."

"मग पुन्हा टोचायचं."

"पुन्हा नाही. मणी मोडले की अस्तरावर त्यांची खपली राहते, दुसरे बसत नाहीत. एका सांध्याला एकदाच."

मी हे नीट ऐकून घेतलं.

"अडचण काय झाली," डॉक्टर सांगत होत्या, "ह्या औषधानं सांधा पार सुन्न होतो. दुखणं म्हणजे शरीराचा राखणदार. तो झोपला की माणसं मोकाट सुटतात. पहिल्या पेशंटांपैकी एक पुतण्याच्या वरातीत नाचले, एक बाई नवस फेडायला जोतिबाच्या पायऱ्या चढल्या. शिट्टी वाजवणारं यंत्र दिलं, तर लोकांनी ते उशीखाली दाबलं. पाय जखडून ठेवला, तर सांधा आखडायचा, रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की राखणदार दुसऱ्याच्या अंगात ठेवावा."

माझ्या गुडघ्यावर त्यांनी एक पातळ चिकटपट्टी लावली. सांध्यावर किती दाब आला, किती पीळ पडला हे ती मोजणार, आणि एरवी मला किती दुखलं असतं याचा अंदाज बांधून तो मोबाइलच्या जाळ्यातून दुसऱ्या पट्ट्याला कळवणार. तो दुसरा पट्टा वाटेकऱ्याच्या गुडघ्याला. पट्टा मागच्या नसेला चेतवतो आणि जी कळ मला यायची ती त्याला येते. इजा काही नाही, नुसती कळ, पण अस्सल. नसांची ठेवण माणसामाणसांत वेगळी असते, ती जवळच्या रक्तातच जुळते. म्हणून पट्टा आईबापांना लागतो, भावंडांना, पोरांना, भाच्या-पुतण्यांना लागतो. नवराबायकोला लागत नाही.

"ते बरंय," मी म्हणाले. "नाहीतर निम्मे संसार मोडले असते."

डॉक्टर हसल्या. "तत्त्व साधं आहे हो. माणूस स्वतःच्या दुखण्याला जुमानत नाही. पण आपण हललो की आपल्या माणसाला दुखतंय म्हटल्यावर मुकाट पडून राहतो. आकडे बघा तुम्ही, इतका आराम लोकांनी आजवर कधी केला नव्हता."

मी मान हलवली. ज्यांनी हे यंत्र काढलं त्यांनी माया गृहीत धरली होती. वैराचा विचारच केला नव्हता. त्यांच्यात भावकी नसावी.

इंजेक्शन झालं. मिनिटांत माझा गुडघा कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा शांत झाला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खाटेवर दादा विजार गुडघ्यावर दुमडून, पट्टा बांधून, मोबाइलवर आपलेच फोटो बघत बसला होता. 'बहिणीची वेदना भावाच्या अंगी' म्हणून मंडळानं ते लगेच सगळीकडे पाठवले होते.

"आता तपासून बघू," म्हणून डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याच्या वाटीच्या कडेला अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला.

"आयाऽऽ गंऽऽ!" दादा खाटेवरून अर्धा हात उडाला. मोबाइल खाली पडला.

"एवढं दुखतं?" तो घामेजून म्हणाला.

"हे काहीच नाही, सर. नुसता अंगठा. त्या उभ्या राहिल्या तर..." डॉक्टर म्हणाल्या. पट्टा काढून ठेवायचा नाही, असं त्यांनी त्याला बजावलं. तो कुणाच्याच अंगावर नसला की दवाखान्यात घंटा वाजते आणि गाडी दाराशी येते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ताई, उगाच दाबून बघायचं नाही हं. दर दाबणीला थोडे मणी सुटतातच."

"छे हो! मी कशाला दाबू?" मी म्हणाले.

*

आमची घरं जोडून आहेत, मध्ये एकच भिंत. आजोबांच्या वाटण्यांत ती घातलेली, म्हणून कशीबशीच बांधलेली. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं.

डंकाला कुलूप लावून मी पलंगावर पडले. उशीवर पाय ठेवला आणि मन लावून आराम केला. पहिला दिवस पुरता केला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला. चहात साखर कमी पडली म्हणून तो वहिनींना फाडून खात होता. "साधा चहा जमत नाही तुला? इतक्या वर्षांत काय शिकलीस?"

माझा अंगठा आपोआप गुडघ्यावर गेला.

कपबशी फुटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दादाचं बोंबलणं. काय समाधान झालं म्हणून सांगू! मी तोंडात पदर कोंबून हसले.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल सोडलेली चटणी. सगळं ताटात वाढून झाल्यावर सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "वन्सं, उद्या दहाला त्यांच्याकडे वर्तमानपत्राचा माणूस येणार आहे."

"असं?"

"आपलं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दहाला वर्तमानपत्राच्या माणसासमोर रणधीर सरांनी 'वेदना म्हणजे मनाचा दुबळेपणा' एवढं म्हटलं आणि लगेच कोकलले. त्यानंतर वहिनी रोज असंच काहीबाही सांगून जायच्या. आम्ही कधी एका शब्दानंही ह्या विषयावर बोललो नाही. फक्त डब्यात गोडाचं वाढत गेलं.

मणी सुटत होते, मला माहीत होतं. पण माझा हिशेब ठरलेला होता. रविवारी मंडळाच्या मैदानावर दादाचा जाहीर सत्कार होता. मैदान आमच्या परसामागेच. कर्णे आमच्याच दिशेला. तिथं तो माझी गोष्ट सांगणार आणि 'पळाली' म्हणणार, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. तेव्हा मी अंगठा दाबणार नव्हते. मी उभी राहणार होते. गुडघा कायमचा गेला तर गेला. बावीस वर्षं लंगडले, पुढंही लंगडेन. पण गावानं त्याला त्या व्यासपीठावर लोळताना बघायला हवं होतं.

शनिवारी शर्वरी माझ्या उशाशी येऊन बसली. शर्वरी दादाची मुलगी, अठरा वर्षांची, माझ्यासारखीच चढाईला उतरते. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चपळ. बसताना तिनं डावा पाय लांब केला. मी विजार वर करायला लावली. गुडघ्यावर घट्ट पट्टी होती आणि पट्टीच्या वरखाली सूज.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. पप्पा म्हणतात काही नाही. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी टोचून आणू. जुनंच इंजेक्शन. नव्याला पंधरा दिवस झोपावं लागतं ना, तेवढा वेळ कुठाय?"

मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "आत्ती, रागावू नको. तू खरंच घाबरली होतीस का गं?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. "उद्या तुला नीट कळेल."

*

रविवारी दुपार कलता सभा सुरू झाली. हार झाले, शाल झाली, खराडेअण्णांचं भाषण झालं. मी पलंगाच्या काठावर बसून ऐकत होते. मग दादा बोलायला उभा राहिला. आवाज खणखणीत. मला जरा नवल वाटलं, कारण आठवडाभर तो बोलताना दर वाक्याला अडखळत होता.

"...आजची पिढी दुखण्याचं कौतुक करते," कर्ण्यातून आलं. "माझ्या घरचंच उदाहरण सांगतो. माझी सख्खी बहीण. काय तिची चढाई! पण एका दुखण्याला ती घाबरली, मित्रहो, आणि मैदान सोडून पळाली!"

मी उभी राहिले. सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि ऐन चढाईत मारायचे तसा पाय जमिनीवर आपटला.

मला काहीच जाणवलं नाही. आणि कर्ण्यातून दादा म्हणाला, "जिद्द, मित्रहो, जिद्द लागते!"

मी वेडीपिशी झाले. पुन्हा आपटला, आणखी जोरात.

मग किंकाळी आली. पण कर्ण्यातून नाही, भिंतीपलीकडून. बाईमाणसाची किंकाळी. आणि वहिनींचा आवाज: "शर्वे! काय झालं गं? शर्वे!"

मी होते तिथंच पलंगावर कोसळले आणि पाय उचलून उशीवर घेतला. मी घाईनं घेतला तसं पलीकडे पोर पुन्हा कळवळली. मग मी इतकी स्थिर पडले की श्वासही जपून घेत होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. आपण हललो की आपल्या माणसाला दुखतंय म्हटल्यावर माणूस पडून राहतो. फक्त ते माणूस कोण, हे मला आत्ता कळलं.

थोड्या वेळानं वहिनी पोरीला धरून माझ्या खोलीत आल्या. शर्वरीच्या बऱ्या पायाला तो पट्टा होता. चेहरा पांढराफटक.

"सकाळी त्यांनी आधी माझ्याच पायाला बांधून बघितला," वहिनी म्हणाल्या. "तो काही जागा झाला नाही. मग हिच्या पायाला बांधला. म्हणाले, संध्याकाळपर्यंतचा प्रश्न आहे, घरात बसून राहा, आत्तीला कळता कामा नये. पहिली कळ पोरीनं ओठ चावून गिळली. मी बोलले नाही, वन्सं. मी कधी बोललेच नाही."

बघा आता. आमच्या घरातली रीत अशी, की पुरुषाच्या वाट्याचं ओझं आधी बायकोकडे जाणार आणि तिला नाहीच पेललं तर लेकीकडे. त्यात त्याला काही वावगं वाटलं नसणार. त्यानं पाण्याचा तांब्या दुसरीकडे सरकवावा तसा तो पट्टा सरकवला.

शर्वरी जमिनीवर बसली, माझ्या पलंगाला टेकून. "आत्ती," ती म्हणाली, "रोज असं दुखायचं तुला?"

"रोज एवढं नाही. चालताना एवढं."

"आणि तू डंकावर दिवसभर उभी राहायचीस." ती रडायला लागली. "पप्पा म्हणायचे तू नाटकं करतेस. मला खरं वाटायचं."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. माझंही रडू आवरेना, पण रागानं.

वहिनींनी खाली बसून पोरीच्या पायाचा पट्टा सोडला. तो हातात घेतला, पदर खोचला आणि परसदारानं मैदानाकडे निघाल्या. पिठाचे हात तसेच. सत्काराच्या जेवणाच्या पुऱ्या लाटत होत्या ना त्या. व्यासपीठावर त्यांना खुर्ची नव्हती.

पुढचं आम्ही दोघींनी कर्ण्यातून ऐकलं, आणि राहिलेलं नंतर खराडेअण्णांनी सांगितलं. वहिनी थेट व्यासपीठावर चढल्या आणि बोलत असलेल्या नवऱ्याच्या पायाशी बसल्या. निवेदक गहिवरून म्हणाला, "वा! सरांच्या यशामागची माउली त्यांचे चरण धरते आहे!" टाळ्यांचा कडकडाट. त्या कडकडाटात वहिनींनी त्याची विजार वर केली, पट्टा बांधला, करकचून आवळला, उठल्या आणि माइकसमोर तोंड नेलं.

"वन्सं, बांधला," त्या म्हणाल्या. "आता सांगा हो ती गोष्ट पुन्हा. वन्सं ऐकतायत."

कर्ण्यात नुसता दादाचा श्वास ऐकू येत होता.

"तर... मित्रहो... गैरसमज नको," तो म्हणाला. "त्या वेळी खेळायचा हट्ट वैजूनंच—"

मी अंगठा दाबला.

"आई गंऽ! हट्ट माझा होता! माझा!"

लोकांत कुजबुज. शर्वरी डोळे पुसून ताठ बसली.

"डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि—"

पुन्हा दाबला.

"डॉक्टर नव्हता! डॉक्टर नव्हता तो!"

गर्दीतून खराडेअण्णांचा थरथरता आवाज आला. त्या सामन्याला तेच पंच होते. "रणधीर, टोचल्यावर आराम सांगितला होता का रे?"

"...सांगितला होता."

"मग पोरीला मैदानात कशी घातलीस?"

मी वाट बघितली. दर दाबणीला माझेच मणी भरडले जात होते; त्याचं एकेक खरं वाक्य मी माझ्या गुडघ्यातून काढत होते. तरी तो गप्पच. पळवाट शोधत असणार, मी ओळखते त्याला. मी उठून बसले आणि तळवा हळूहळू जमिनीला टेकवला. भार वाढवत नेला.

"वैजू!" कर्णा फाटतोय असं वाटलं. "वैजू, बास! आडवी हो! पळाली नाही ती! ऐका सगळे, ती पळाली नाही! मी मोडली तिला! माझ्या नोकरीसाठी मोडली!"

शर्वरीनं माझा घोटा धरला आणि पाय उचलून उशीवर ठेवला. "बास आत्ती. बोलले आता पप्पा. तुझाच गुडघा चाललाय."

मी आडवी झाले. मला आनंद झाला का? झाला की. उगाच साळसूदपणा कशाला? ऊर भरून आनंद झाला. बाहेर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, खुर्च्या सरकवून माणसं निघाल्याचे आवाज येत होते, आणि तेही मी कान देऊन ऐकले.

*

पंधरा दिवस भरल्यावर आम्ही मिरजेला गेलो. "निम्मे मणी गेले," डॉक्टर मुजावर पडद्याकडे बघत म्हणाल्या. इतक्या संतापल्या होत्या की माझ्याकडे बघेनात. "आयुष्यभर चालला असता तुम्ही ह्या पायावर. आता काही वर्षं बरी जातील. मग पुन्हा पहिल्यासारखं. हे औषध तुम्हाला परत मिळणार नाही. पश्चात्ताप होतोय का?"

"पोरीला कळ दिली त्याचा होतोय."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा नाही."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि शर्वरीचा गुडघा हातात घेतला. तिला मीच नेलं होतं. वहिनी होत्या, आणि कोपऱ्यात दादा होता. कूर्चेला चीर गेली होती, पण भुगा झाला नव्हता. आता नवं इंजेक्शन घेऊन आराम केला तर पुढच्या हंगामात उतरेल, म्हणाल्या. नुसती सूज मारून चाचणीला उतरवली तर आत्यासारखं होईल.

"पण निवड चाचणी..." दादा पुटपुटला.

"वाटेकरी कोण लावू?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पुढे व्हायला निघाले होते. शर्वरीनं माझा हात दाबून मला थांबवलं.

"पप्पा," ती म्हणाली.

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं की मी मधे पडेन. मी दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "विजार वर घ्या."

चाचणीच्या दिवशी सकाळी मंडळाची गाडी त्यांच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. मी ओट्यावर बसून लसूण सोलत होते. उघड्या खिडकीतून आतलं दिसत होतं. शर्वरी पलंगावर, आणि तिच्या पायथ्याशी दादा, स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी झाकून.

गाडीतून कुणीतरी ओरडलं, "सर, आणताय ना तिला? तुम्हीच म्हणाला होता, काय वाट्टेल ते करून उतरवतो म्हणून!"

"उठू का, पप्पा?" शर्वरीनं विचारलं आणि पाय जरासा उशीवरून सरकवला.

दादा तीन उड्यांत खिडकीशी आला. "जावा तुम्ही!" तो ओरडला. "ती येणार नाही! तिचा गुडघा दुखावलाय. तिला आराम करू दे!"

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. हे एवढं वाक्य तो बावीस वर्षांपूर्वी म्हणाला असता तर माझं सगळं आयुष्य वेगळं गेलं असतं. आणि आत्ताही तो पोरीच्या काळजीनं ओरडला नव्हता, स्वतःच्या कळेच्या भीतीनं ओरडला होता, एवढं मला कळतं. असू दे. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. गाडी वळून निघून गेली. शर्वरीनं उशी नीट केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.